ओतासीलियोच्या बुटापर्यंत

पेद्रा मोली गावच्या इस्पितळात माणूस किती बरा झाला हे थर्मामीटर सांगत नसे, देणगीदार सांगत.

बायकांच्या वॉर्डपासून थेट प्रार्थनामंदिराच्या दारापर्यंत एक लांबच लांब पडवी होती. इस्पितळाला आजवर ज्यांनी काही दिलं त्यांची तैलचित्रं तिच्या भिंतीवर ओळीनं टांगलेली होती. नियम जुना होता आणि सरळ होता. थोडं दिलं की खांद्यापर्यंत चित्र. बरं दिलं की कमरेपर्यंत. आणि ज्यानं हात अगदी सैल सोडला, त्यालाच पाय मिळत. त्यामुळे गावात कुणी चिक्कूपणा केला की लोक म्हणत, "हा बिनपायांचाच जाणार!"

वॉर्डच्या दाराशी कासिमिरू औषधवाला होता, नुसता खांद्यापर्यंत. त्याच्यापुढे एउलालिया विधवा, हातातल्या पंख्यासकट कमरेपर्यंत. मग थोरले पाद्रीबाबा, ज्यांचा एक कान चित्रकारानं काही कारण नसताना दुसऱ्यापेक्षा मोठा काढला होता. मग मिशीवाले माजी महापौर, आणखी काही किरकोळ मंडळी, आणि सगळ्यात शेवटी, मंदिराच्या दाराशेजारी, ओतासीलियो तावेइरा. पांढऱ्या सुटात, एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून, डोक्यापासून बुटापर्यंत सबंध उभा. त्यानं एक्स-रेचं यंत्र दिलं होतं.

शस्त्रक्रिया झालेला माणूस पहिल्यांदा कासिमिरूपर्यंत जाई. मग विधवा, मग पाद्रीबाबा. भेटायला आलेली माणसं तब्येत विचारतच नसत. "कुठवर आले तुझे?" असं विचारत. "काल महापौरांपाशी पोचले," म्हटलं की समोरची बाई म्हणे, "मग घरी कोंबडी शिजवायला घ्या आता." एक हर्नियावाला एउलालियापाशी आठवडाभर अडकून बसला, तेव्हा त्याच्या बायकोनं येऊन त्या विधवेच्या चित्राला खरमरीत बोल सुनावले होते. आणि ओतासीलियोच्या बुटाला हात लागला की डॉक्टर एवांद्रू घरी सोडत. इतक्या माणसांनी हात लावला होता, की उजव्या बुटाच्या टोकाचा रंग उडून खालचं कापड दिसायला लागलं होतं.

दोना झुल्मिरा म्हणाली, "मी त्या माणसाच्या पायाला हात लावणार नाही. मेले तरी लावणार नाही."

दोना झुल्मिरा, म्हणजे झुल्मिराबाई, ही गावातली जुनी शिंपीण. पडदे काढताना स्टुलावरून पडली आणि कंबरेशी मांडीचं हाड मोडून बसली. ते चित्र भिंतीवर चढल्यापासून तिनं या इस्पितळात पाऊल ठेवलं नव्हतं. रक्तदाब मोजायलासुद्धा ती बस धरून शेजारच्या गावाला जाई, आणि येऊन-जाऊन तो इतका वाढे की तिथला डॉक्टर दरवेळी घाबरे. या खेपेस मात्र रुग्णवाहिकेत घालताना तिची शुद्ध हरपली होती. "शुद्धीवर असते तर आणू दिलं असतं का तुम्हाला?" असं तिनं डोळे उघडल्या उघडल्या सगळ्यांना विचारून घेतलं.

हाड बसवून झालं, टाके सुकले, पण बाई उठेना. चालायला शिकवणारी झुसारा रोज वॉकर घेऊन येई आणि रोज तसाच परत नेई. झुसाराचे दंड पहिलवानासारखे होते आणि स्वभाव लोण्यासारखा, पण लोणी किती दिवस पुरणार?

"दोना झुल्मिरा, शनिवारी तुमचा मुलगा येतोय. माहितीय ना?"

"माहितीय."

"चालायला लागलात तर तुम्ही तुमच्या घरी. नाही तर तो तुम्हाला साओ पावलोला नेणार. अकराव्या मजल्यावर."

"माहितीय म्हटलं ना!"

हे अकराव्या मजल्याचं प्रकरण तिच्या फार जिवाला लागलं होतं. मुलगा झिलमार काही वाईट नव्हता. सून तर फारच चांगली होती, आणि तीच खरी अडचण होती. ती सासूला कशालाच हात लावू देत नसे. मागे एकदा झुल्मिरा तिथं राहायला गेली, तर महिनाभर तिनं गालिच्याकडे बघत दिवस काढले होते. इथं पेद्रा मोलीत खिडकीपाशी तिचं मशीन होतं, येणारे-जाणारे होते, डिसेंबरात चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीसाठी पोरींना शिवायचे झगे होते. ते सगळं सोडून गालिचा बघायला जायचं म्हणजे तिला मरणच वाटे.

पण न उठण्याचं खरं कारण वेगळंच होतं. स्टुलावरून खाली येतानाचा तो क्षण, हाताला काहीच लागत नाही तो, तिला जमिनीवर पाय टेकला की आठवे. हे ती कुणाला सांगत नव्हती. भित्री म्हणवून घेण्यापेक्षा मानी म्हणवून घेणं बरं. म्हणून सगळा दोष तिनं ओतासीलियोच्या बुटावर टाकला होता, आणि तो बिचारा मेलेला असल्यामुळे काही बोलू शकत नव्हता.

सोमवारी झुसारा चिडली. तिनं वॉर्डचं दार सताड उघडलं, त्याला वीट लावली आणि म्हणाली, "पडून राहायचंय ना? राहा. पण मग दिवसभर त्याचं तोंड बघत पडा."

झुल्मिरानं भिंतीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळानं मान अवघडली म्हणून इकडे वळली. पडवीच्या पार टोकाला, खिडकीतून तिरप्या आलेल्या उन्हात, तो पांढरा माणूस उभा होता. तोंड काही दिसत नव्हतं. दिसत होता फक्त कोट. रुंद कॉलर, खांद्याला जरासा फुगवटा, लिननचा तो एक दुधी रंग.

बाई कोपरावर उठून बसली.

तो कोट कुणीही ओळखला नसता, पण ज्यानं शिवला त्याचे हात ओळखतातच. फार वर्षांपूर्वी ओतासीलियो कॉफीच्या वखारीत कारकून होता, खिशात दमडी नव्हती, आणि झुल्मिराशी त्याचं लग्न ठरलं होतं. क्लबच्या वार्षिक नाचाला त्याला घालायला झुल्मिरानं गुपचूप एक पांढरा सूट शिवला. शिवण अशी, की दृष्ट लागावी. फक्त एक घोळ झाला. तोवर तिनं उभ्या जन्मात पुरुषाचा कपडा शिवला नव्हता. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते, बायकांच्या कपड्याची उजवी. तिचा हात सवयीनं चालत गेला आणि कोट बायकी झाला. तिच्या ध्यानात आलं नाही, त्याच्या आलं नाही. क्लबातल्या टवाळांच्या मात्र आलं. "काय ओतासीलियो, बहिणीचा घालून आलास?" म्हणत त्यांनी त्याला रात्रभर नाचवला. तो लालबुंद होऊन तिच्याकडे आला आणि म्हणाला, "तू माझी बाई केलीस!" ती म्हणाली, "एवढी लाज वाटते तर काढ तो कोट, आणि चालता हो." तो चालता झाला. ती त्याची वाट बघत बसली, तो तिच्या निरोपाची वाट बघत बसला, आणि दोघंही असे हट्टी, की बघता बघता त्याचं तिच्या चुलत बहिणीशी लग्न लागलं आणि हिचं बसवाल्या आन्सेल्मूशी. आन्सेल्मू चांगला माणूस होता. ती त्याच्याबरोबर सुखात राहिली, हे सांगितलंच पाहिजे.

आणि कोट? कोट त्यानं पुलावरून नदीत फेकला असं गाव सांगे. दोघा गावकऱ्यांनी तर तो वाहत जाताना पाहिलाही होता.

मग हा कोण?

"क्लोतिल्दे," तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला हाक मारली. क्लोतिल्देचं पित्ताशय काढलं होतं, आणि ती महापौरांपर्यंत पोचलेली होती. "जाशील तेव्हा त्या टोकाच्या माणसाच्या कोटाकडे बघ गं जरा. कुठली बाजू वर आहे?"

"का गं?"

"सहज."

क्लोतिल्दे जाऊन आली. "डावी."

"कुणाची डावी? त्याची की तुझी?"

क्लोतिल्देनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग दुसरा ठेवला, मग गर्रकन वळून उभी राहिली आणि म्हणाली, "आता तू विचारल्यावर मला माझीच डावी कळेना."

झुल्मिरानं नर्सला विचारलं. नर्स म्हणाली उजवी, मग म्हणाली थांबा, आणि परत आलीच नाही. कोपऱ्यातल्या मुतखड्याच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "मी फक्त बूट बघितला, मला घरी जायचंय."

"झुसारा, मला चाकाच्या खुर्चीवरून तिकडे ने."

झुसारानं हाताची घडी घातली. आता तिला किल्ली सापडली होती. "खुर्ची मिळणार नाही. काय बघायचंय ते पायांनी जाऊन बघा."

"दुष्ट आहेस."

"आहे."

झुल्मिरा उठली. पाय टेकताच तो स्टुलावरचा क्षण आठवलाच, पण तिला इतका राग आला होता की त्याच्याकडे बघायला फुरसत नव्हती. खरंच तो कोट असेल तर? आणि नसेल तर, तिच्या शिवणीची नक्कल करून दुसरा शिवला कुणी? दोन्हीकडून तिचं डोकं तापत होतं. सोमवारी संध्याकाळी ती कासिमिरूखाली घामाघूम होऊन उभी होती, आणि झुसारा मागे दोन्ही हात पसरून, कोंबडी पकडायला निघाल्यासारखी.

मंगळवारी ती विधवेपर्यंत गेली. एउलालियाच्या पोलक्याकडे बघून नाक मुरडलं, म्हणाली, "बाहीला चुण्या कमी पडल्यात," आणि परत आली. बुधवारी पाद्रीबाबा. वॉर्डात बातमी पसरली. पुरुषांच्या वॉर्डातले दोघं तर मुद्दाम येऊन बाकावर बसले, कारण दोना झुल्मिरा चालताना प्रत्येक देणगीदाराच्या कपड्यांना नावं ठेवते हे त्यांना कळलं होतं, आणि इस्पितळात दुसरी करमणूक नव्हती.

बुधवारी संध्याकाळी पाद्रीबाबांच्या मोठ्या कानाखालून तिनं डोळे बारीक करकरून बघितलं. कोटाच्या मधोमध एक उभी रेघ दिसत होती. पण ती इकडची की तिकडची, ते काही कळेना. डोळे मेले पूर्वीसारखे राहिले नव्हते.

"उद्या महापौर," झुसारा म्हणाली. "परवा बूट."

"बूट नाही. कोट."

गुरुवारी सकाळी दोतोरा लेओनोर, म्हणजे डॉक्टरीणबाई, आल्या.

त्या राजधानीहून आल्या होत्या. चित्रं बघून रोगी कसा लवकर बरा होतो, यावर त्यांनी बरीच वर्षं अभ्यास केला होता, आणि त्या इतक्या हळू आवाजात बोलत की समोरचा माणूस आपोआप कुजबुजायला लागे. त्यांनी पडवीतून एक फेरी मारली आणि डॉक्टर एवांद्रूंचा हात धरला.

"डॉक्टर, आजारी माणूस घाबरलेला असतो. आणि तुम्ही त्याच्याकडे डोळे वटारून बघायला इतकी मेलेली माणसं लावून ठेवलीत?"

यात खोटं काही नव्हतं. महापौरांना बघून लहान मुलं रडत, हे डॉक्टरांनाही माहीत होतं. त्यात दोतोरांनी येताना ट्रक भरून नवी चित्रं आणली होती, तीही फुकट. फुकट म्हटल्यावर डॉक्टर एवांद्रू कशालाच नाही म्हणत नसत. दुपारच्या जेवणापर्यंत देणगीदार उतरले आणि त्यांच्या जागी तळी चढली. निळी तळी, हिरवी तळी, तळ्यात बदकं, तळ्याकाठी झाडं, झाडांमागे धुकं. बघितलं की डोळे मिटावेत अशी.

आणि मिटलेच. झुल्मिरा औषधाच्या गुंगीतून दुपारी उठली, वॉकर घेऊन दारात आली, आणि समोर शेवटपर्यंत पाणीच पाणी.

"तो कुठाय?"

"काढला हो," झुसारा म्हणाली. तिचं तोंड पडलं होतं.

 झुल्मिरा माघारी वळली आणि खाटेवर पडली. चांगले तीन दिवस धडपडून पाद्रीबाबांपर्यंत आलेली बाई, आणि पुढं बघायला एक बदक! रागसुद्धा नीट येईना. राग काढायला समोर कुणी लागतं. तळ्यावर कोण रागावणार? तिला सपाटून झोप आली.

दोतोरा लेओनोरनी तिचा रक्तदाब मोजवून घेतला. कधी नव्हे तो उतरला होता. त्यांना आनंद झाला, आणि त्यांनी तो झुसाराच्या कानाशी हळूच सांगितला.

"रक्तदाब उतरला हो," झुसारा म्हणाली, "पण बाईही खाटेवरून उतरायला नको का?"

शुक्रवारी सगळ्या इस्पितळाचाच गोंधळ उडाला. डॉक्टर एवांद्रू नेहमीप्रमाणे फेरीला आले आणि विचारायला लागले.

"अपेंडिक्स कुठवर आलं?"

"तळ्यापर्यंत," नर्स म्हणाली.

"कुठल्या?"

"बदकांच्या."

"बदकं तर चारांत आहेत!"

"ज्यात एक बदक पाठमोरं आहे ना, त्या."

डॉक्टर पडवीत जाऊन पाठमोरं बदक शोधत बसले. क्लोतिल्दे म्हणाली, मी काल धुक्यापर्यंत गेले होते, म्हणजे महापौरांच्या पुढे, म्हणजे मला सोडा. मुतखड्याची बाई म्हणाली, मी धुक्याच्याही पुढे गेले होते. धुक्याच्या पुढे नेमकं काय आहे हे कुणालाच आठवेना. बूट नसल्यामुळे कुणाला घरी सोडायचं ते डॉक्टरांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी कुणालाच सोडलं नाही, आणि स्वयंपाकघरात भाताचं पातळ सूप कमी पडलं.

झुल्मिरा या सगळ्यात पडून होती. उद्या झिलमार येणार होता. तिनं क्लोतिल्देला सांगून ठेवलं, "मशीन तू घेऊन जा. साओ पावलोत सून हात लावू द्यायची नाही." आणि हे बोलताना ती रडली. क्लोतिल्दे घाबरली, कारण झुल्मिराला रडताना तिच्या नवऱ्याच्या प्रेतयात्रेतसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी धोबीखान्यातली दिव्हिना चादरी बदलायला आली ती कुरकुरतच. "बाकीची चित्रं कपाटात मावली. तो लंबू काही मावेना, म्हणून आणून ठेवलाय माझ्याकडे. पहाटे दिवा लावायला गेले, तर ओल्या चादरींमागे गडी उभा! अशी किंचाळले मी. कोट तरी कसा, चादरीत चादर."

झुल्मिराचे डोळे उघडले.

"धोबीखाना कुठाय?"

"अंगणापलीकडे. का?"

झुल्मिरानं झुसाराकडे बघितलं. झुसारानं वॉकर पुढे केला.

पडवी सपाट होती. अंगण तसं नव्हतं. तिथं दगड होते, दोन दगडांत गवत होतं, आणि पडवीतून उतरायला दोन पायऱ्या होत्या. पायऱ्यांपाशी झुल्मिरा थांबली. हाताला काही लागत नाही तो क्षण तिच्या अंगावर आला.

"झुसारा, मला भीती वाटते गं."

"मला माहितीय," झुसारा म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहितीय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चिडल्या असतात."

"चिडलेच असते." झुल्मिरानं श्वास घेतला. "धर मला. पण वर ओढू नकोस."

ती उतरली. अंगणातून जाताना पेरूच्या झाडापाशी एकदा थांबली, पंपापाशी एकदा थांबली आणि पंपाला शिव्या घातल्या, कारण आता वाटेत नावं ठेवायला देणगीदार नव्हते. मागे वॉर्डाच्या खिडकीत क्लोतिल्दे आणि मंडळी गर्दी करून उभी होती.

धोबीखान्यात वाफ होती आणि साबणाचा वास होता. झुसारानं एक चादर बाजूला केली, दुसरी केली, आणि ओतासीलियो समोर आला. भिंतीवर तो उंच होता, इथं जमिनीवर टेकवून ठेवलेला. तरी झुल्मिरापेक्षा वीतभर वरच. "खोटं आहे," ती म्हणाली. "हा माझ्या कानापर्यंत यायचा. चित्रकाराला पैसे चारले की काय!" केसही भरघोस काढले होते, जे त्याला तिसाव्या वर्षीच सोडून गेले होते.

मग तिनं कोटाकडे बघितलं.

उजवी बाजू वर होती. आधी ती मनात म्हणाली, फोटोवरून काढताना उलटं झालं असेल, आरशासारखं. म्हणून तिनं रुमालाचा खिसा बघितला. खिसा डाव्या छातीवर होता, जिथं असायला हवा तिथंच. म्हणजे उलटं काहीच नव्हतं. फक्त तिची चूक होती, होती तशी, तेलरंगात, सगळ्या गावासमोर टांगलेली. आणि इतक्या वर्षांत एवढ्या लोकांनी बूट चोळला, पण मान वर करून कोट एकानंही बघितला नाही.

तिनं अजून जवळ जाऊन बघितलं. कोट तंग होता. चित्रकार प्रामाणिक असावा, निदान पोटाच्या बाबतीत. मधलं बटण तुटायच्या बेताला आलं होतं, आणि काखेखाली कुणीतरी शिवण उसवून वेगळ्याच कापडाची पट्टी घातली होती. रंगही जुळत नव्हता.

म्हणजे कोट नदीत गेलाच नव्हता. माणूस श्रीमंत झाला, रिओहून डझनभर सूट मागवण्याची ऐपत आली, आणि जन्मभर भिंतीवर उभं राहायची वेळ आली तेव्हा त्यानं हा काढला, अंगात बसत नव्हता तरी. कुणाला न सांगता. पुढच्या गावातल्या कुठल्यातरी अडाणी शिंप्याकडून ठिगळ लावून.

झुल्मिराला हसू आलं, मग ते मधेच अडकलं, आणि मग ती कडाडली.

"अरे मेल्या! सांगायला काय झालं होतं तुला? तोंड नव्हतं? खिडकी उघडी ठेवून बसत होते मी, सगळी आळी हसत होती मला! आणि हे ठिगळ! हे काय लावलंय? पोट सुटलं होतं तर माझ्याकडे आणायचा होतास. मी दिला असता सैल करून. एक शब्द बोलले नसते. दिला असता सैल करून!"

आणि तिनं हात पुढे करून त्या पट्टीवर बोट फिरवलं, जणू शिवण दाबून बघावी तसं. बुटाकडे तिचं लक्षही गेलं नाही.

झुसारा चादरीमागे जाऊन नाक शिंकरून आली.

तेवढ्यात अंगणातून धावत झिलमार आला, मागून डॉक्टर एवांद्रू. वॉर्डात खाट रिकामी बघून झिलमारनं हाय खाल्ली होती. आई वाफेत उभी, वॉकर हातभर लांब पडलेला, आणि ती भिंतीला टेकवलेल्या एका माणसावर ओरडतेय, हे बघून तर तो जागीच थबकला.

"आई! कुणाशी बोलतेयस?"

"तुझा बाप होता होता राहिला, त्याच्याशी."

"आई, तू बस बघू आधी. झुसारा, खुर्ची आण. किती वेळ उभी आहेस तू?"

"खुर्ची नको," झुल्मिरा म्हणाली. "तो उभा आहे. मी बसून कशी भांडू?"

डॉक्टर एवांद्रूंनी तिच्याकडे बघितलं, मग अंगणाकडे, पायऱ्यांकडे, वॉकरकडे आणि ओतासीलियोकडे. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी मोजता येत होतं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"दोना झुल्मिरा, ओतासीलियोपर्यंत आलात की तुम्ही! संपलं. सामान आवरा. आजच घरी, तुमच्या स्वतःच्या घरी. झिलमार, यांना कुठंही न्यायची गरज नाही."

झिलमारनं आईचा हात धरला. ती जागची हलली नाही.

"आज नको, डॉक्टर," ती म्हणाली. "सोमवारी सोडा. माझं अजून बोलून झालेलं नाही."